शहरच्या पेठेंत गाळा घ्यावा काय ?

कोल्हापुरांत महाद्वार रोडला किंवा चप्पल लाईनींत एखादा गाळा मिळाला तर घ्यावा काय, हा प्रश्न हल्लीं आमच्या भागांतील बऱ्याच घरांत रात्रीच्या जेवणानंतर निघतो. शाळामास्तराला हिशेब येतो अशी लोकांची समजूत असल्यामुळें तो फिरून फिरून आमच्याकडे येतो. कोणी अर्धा एकर विकावयास निघाला आहे, कोणी सोसायटीच्या कर्जावर आणखी खाजगी कर्ज काढणार आहे, आणि एका घरांत तर मुलीच्या नर्सिंगच्या शिक्षणासाठीं बाजूस ठेवलेली रक्कम गाळ्याच्या अनामतींत घालावयाचा बेत ऐकला. एकेकाला ओट्यावर बसवून निरनिराळें उत्तर देण्यापेक्षां जें सांगावयाचें तें चारचौघांत सांगावें, म्हणून हें लिहीत आहों.

प्रथम पेठेचें बळ कशांत आहे तें पाहूं. महाद्वार म्हणजे अंबाबाईच्या देवळाचा पश्चिमेकडील मोठा दरवाजा. त्याच्यापुढून पापाची तिकटी ते बिनखांबी गणेशमंदिर असा जो रस्ता जातो तो महाद्वार रोड. लगतच सोन्याची गुजरी, ताराबाई रोडला कपिलतीर्थाची भाजीमंडई, आणि देवळाच्या दुसऱ्या अंगास भवानी मंडप, बिंदू चौक व चपलांचीं दुकानें. एवढ्याशा जागेंत साडी, सोनें, भांडें, कुंकू, चप्पल आणि कोथिंबिरीची जुडी मिळते. कागल, करवीर, पन्हाळा, राधानगरी आणि पलीकडे निपाणीपर्यंतची माणसें लग्नाचा बस्ता बांधावयास येथेंच येतात, कारण त्यांचे आईबाप येथेंच येत असत.

पण खरें गिऱ्हाईक यात्रेकरूंचें. तें गाडी लांब ठेवून पायीं येतें. दर्शन झालेलें असतें, घरीं कांहींतरी न्यावयाचें असतें, आणि गाडीवाला खोळंबलेला असतो, म्हणून घासाघीस फार करीत नाहीं. देवळांत जातांना पायतण बाहेर ठेवावें लागतें व बाहेर येतांना माणसाची नजर आपसूक पायांकडे जाते. चपलेच्या दुकानाला याहून चांगली जागा ब्रह्मदेवालाही शोधून सांपडली नसती !

मॉल झाले, राजारामपुरी वाढली, फोनवर बोट ठेवलें कीं वस्तु दारांत येते, सबब जुनी पेठ आतां बसली असें कांहीं शिकलेले तरुण आम्हांस सांगतात. आम्हांला हें पटत नाहीं. बिस्किटाचा पुडा फोनवर मागवितां येईल. कातड्याची चप्पल पायांत घालूनच घ्यावी लागते. ती नवी असतांना अंगठ्याला चावते, पट्टा ओढून बसवावा लागतो, कोणाला जाड तळ लागतो तर कोणाला करकर वाजणारी पाहिजे असते. शिवाय फोनवर कोल्हापुरी म्हणून जें विकलें जातें त्यांत रेक्झिनच्या आणि यंत्रावरच्या नकला किती, हें एकदां फसलेल्या गिऱ्हाइकाला चांगलें कळतें. फोनची भीति आहे ती दुसऱ्या तऱ्हेची. हातांत फोन असल्यामुळें गिऱ्हाईक दुकानांत उभें राहूनच भाव ताडून पाहतें, आणि नकलेचा भाव अस्सल मालाच्या तोंडावर फेंकतें. तरी देऊळ आहे तोंपर्यंत ही पेठ मरणार नाहीं, हें आमचें मत आम्ही स्पष्ट लिहून ठेवितों.

मात्र जी पेठ एका दारावर उभी राहते तिला त्या दाराचें सुख आणि त्या दाराचें दुःखही भोगावें लागतें. मार्च २०२० मध्यें करोनाच्या सांथीमुळें देवळें बंद झालीं तीं १६ नोव्हेंबर २०२० रोजीं पाडव्याला उघडलीं. २०२१ च्या एप्रिलमध्यें पुन्हां बंद झालीं तीं ७ ऑक्टोबरला घटस्थापनेच्या दिवशीं उघडलीं. देवळाचें दार लागलें कीं पेठेचें दार उघडें असून बंदच. भाडें मात्र बंद होत नाहीं. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षीं पंचगंगेच्या पुरानें शिरोलीजवळ पुणें-बंगळूर महामार्ग अडला. पाणी दुकानांत शिरलें नाहीं तरी गिऱ्हाईक महामार्गावर अडकलें. आणि सांथ नसो, पूर नसो, पावसाळा दरसाल येतोच. ओल्या दिवसांत कातडें वाळत नाहीं, तळ फुगतो, आणि चिखलांत कातडी चप्पल घालणारा माणूस विरळा. म्हणजे चपलेच्या धंद्याचें वर्ष बारा महिन्यांचें नसून आठ महिन्यांचें आहे. गाळ्याचें भाडें बारा महिन्यांचें आहे. हा चार महिन्यांचा फरक ज्याच्या ध्यानांत राहिला नाहीं त्याची जमीन गेलीच म्हणून समजावें.

आणखी एक मोठी गोष्ट समोर आहे. ६ मे २०२५ रोजीं चौंडी येथील बैठकींत राज्याच्या मंत्रिमंडळानें अंबाबाईच्या देवळाच्या विकास आराखड्यास सुमारे १,४४५ कोटी रुपयांची मंजुरी दिली. देवळाभोवतालची जागा मोकळी करावयाची म्हटल्यावर त्या जागेंतल्या घरांचें आणि दुकानांचें काय, हा प्रश्न ओघानेंच येतो. यात्रेकरू कोणत्या वाटेनें आंत जाणार, कोणत्या वाटेनें बाहेर पडणार आणि गाड्या कोठें थांबणार, यावर एखाद्या गाळ्याचें सोनें होईल आणि एखाद्याची माती होईल. ज्याला हा नकाशा ठाऊक आहे तो आपला गाळा आज कां विकतो, हें विकत घेणारानें आधीं विचारावें. पुण्याच्या मंडईच्या वेळीं जोतीराव फुले म्युनिसिपालिटींत होते. हा पैसा इमारतीपेक्षां शिक्षणावर घाला म्हणून ते त्या खर्चास आडवे गेले. १८८६ सालीं उघडलेल्या त्या इमारतीला १९३८ पासून त्यांचेंच नांव आहे. सार्वजनिक बांधकामाचा पैसा कोणाच्या अंगणांत जाऊन पडतो हें पाहण्याची नजर त्यांना होती, कारण ते स्वतः कंत्राटें घेणारे आणि हिशेब ठेवणारे गृहस्थ होते. ती नजर आपणही ठेवावी, इतकेंच.

येथवर पेठेचें झालें. आतां कारागिराच्या घराचें.

कोल्हापुरी चप्पल कशी होते हें या पत्राच्या वाचकांस सांगावयास नको. बाभळीच्या सालीनें आणि हिरड्यानें कमावलेलें कातडें, रापी, आरी, आणि खिळ्याऐवजीं कातड्याचीच वादी. पुरुष तळ कापतो व शिवतो, बाई वेणी घालते, पट्ट्याला भोंकें पाडते, आणि मजुरीचा विचार निघाला कीं दोघांची मिळून एकच धरली जाते. २०१५ च्या कायद्यानें राज्यांत बैलाच्या कत्तलीलाही बंदी झाल्यापासून कातड्याची ओढाताण वाढली, म्हशीच्या कातड्यावर भिस्त आली, कांहीं माल बाहेरून मागवावा लागतो. कोल्हापुरच्या दुकानांत विकला जाणारा बराच माल अथणी, निपाणी, मदभावी या कर्नाटकांतल्या गांवांचा असतो. गिऱ्हाईक त्याला कोल्हापुरी म्हणतें आणि त्यांत कांहीं वावगें नाहीं, कारण २०१९ सालीं या चपलेला जी भौगोलिक ओळख मिळाली ती महाराष्ट्राचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकाचे बेळगांव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून आहे.

आतां हिशेब मांडूं. पुढील आंकडे शाळेंतल्या गणितासारखे मानलेले आहेत. ज्यानें त्यानें आपले खरे आंकडे घालून तो पुन्हां करावा.

समजा, एका घरांतील नवराबायको दिवसाला दोन जोड करितात. वर्षाचे कामाचे दिवस २४० धरले तर ४८० जोड झाले. समजा, मजुरी आणि कातडें वजा जातां दुकानदाराला एका जोडामागें २०० रुपये सुटतात. समजा, गाळ्याचें भाडें, अनामतीच्या रकमेचें व्याज, वीज आणि एका नोकराचा पगार मिळून महिना ५०,००० रुपये, म्हणजे वर्षाला ६,००,००० रुपये लागतात. आतां सहा लाखांना दोनशेंनीं भागा. वर्षाला ३,००० जोड विकले तर नुसता गाळ्याचा खर्च भागला, पदरांत कांहीं नाहीं. एका घराचे जोड ४८०. म्हणजे सहा घरांनीं वर्षभर केलेला सगळा माल विकला गेला तरी तो खर्च पुरता भागत नाहीं.

याचा अर्थ काय ? एकट्या घरानें गाळा घेतला तर तें घर आपल्या हातच्या मालावर गाळा चालवूंच शकत नाहीं. त्याला दुसऱ्यांचा माल घ्यावा लागेल, आणि भाडें डोक्यावर असल्यामुळें तो दुसऱ्यांचा भाव पाडूनच घ्यावा लागेल. सहा महिन्यांत रापी खुंटीला लागेल आणि कालचा कारागीर भाऊबंदांशीं तेंच बोलूं लागेल जें काल त्याला दुकानदार बोलत होता. पूर्वीं आपण शेटजीकडे बोट दाखवून मोकळे होत असूं. आज गल्ल्यावर आपल्यापैकींच कोणी बसला तरी हिशेब बदलत नाहीं, कारण तो माणसाचा नसून उंबरठ्याचा आहे.

आतां तोच हिशेब दहा घरांनीं मिळून करून पाहा. जोड झाले ४,८००. दोनशें रुपयांप्रमाणें सुटले ९,६०,०००. गाळ्याचे ६,००,००० गेले, राहिले ३,६०,०००. मजुरी वेगळी पदरांत पडून घरामागें वर्षाला ३६,००० रुपये वर आले. फार नाहींत. पण जमीन जागेवर आहे, कर्ज दहा ठिकाणीं वांटलेलें आहे, आणि एका घरीं आजारपण आलें तर नऊ घरांचें काम चालूं आहे. दहा हा आंकडा आम्हीं उगाच धरला नाहीं. महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकारी कायद्याप्रमाणें संस्था नोंदवावयास निरनिराळ्या कुटुंबांतील कमींत कमी दहा माणसें लागतात.

सहकाराचें नांव काढतांच कित्येकांच्या कपाळाला आंठी पडते, तें आम्हांस ठाऊक आहे. बुडालेल्या संस्था आम्हींही पाहिल्या आहेत. पण आपल्याच जिल्ह्यांतील दुधाची गोष्ट घ्या. १९६३ सालीं जिल्हा दूध संघ निघाला. म्हशीवाल्या बाईनें दूध विकण्यासाठीं कांहीं शहरांत गाळा घेतला नाहीं. गांवच्या संस्थेंत दूध मोजलें जातें, फॅट लागतें, चिठ्ठी मिळते, आणि दहा दिवसांनीं पैसा होतो. त्या चिठ्ठींत सगळें आहे. आमच्या चपलेला अशी चिठ्ठी नाहीं. जोड कोणीं केला, कातडें कोणत्या प्रतीचें, किती टांके, कोणत्या भावानें दुकानांत गेला आणि कोणत्या भावानें गिऱ्हाइकाच्या पायांत पडला, याची कोठेंच नोंद नसते. जेथें नोंद नाहीं तेथें कारागिरानें शहाणपणा किती केला तरी भाव दुकानदारच सांगणार. दहा घरांनीं एकत्र यावयाचें तें गाळ्यासाठीं नंतर, आधीं या नोंदीसाठीं यावें. मालावर आपल्या घराची खूण घालावी, भौगोलिक ओळखीखालीं अधिकृत वापरकर्ता म्हणून आपलें नांव नोंदवावें, संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळाच्या कचेरींत जाऊन चपलेवरील क्यूआर खुणेची चौकशी करावी. हें सगळें गाळा न घेतां करतां येतें.

नांवाची किंमत काय असते तें गेल्या कांहीं दिवसांत सर्वांनीं पाहिलें. जून २०२५ मध्यें इटलींतील मिलान शहरीं प्राडा कंपनीच्या प्रदर्शनांत कोल्हापुरी घाटाचीं पायताणें दिसलीं, आणि कोल्हापुराचें नांव कोठें नव्हतें. ओरड झाल्यावर कंपनीनें हा घाट भारतीय कारागिरांचा असल्याचें मान्य केलें. जुलैंत तिचीं माणसें कोल्हापुरास येऊन गेलीं, आणि डिसेंबर २०२५ मध्यें महाराष्ट्र व कर्नाटक या दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशीं करार झाला. सुमारें २,००० जोड येथें करावयाचे आणि एकेक जोड सुमारें ८०० युरोला, म्हणजे आपल्या पैशांत ८०,००० रुपयांच्या घरांत विकावयाचा, असें त्या वेळीं जाहीर झालें. कित्येक मंडळी हें ऐकून हुरळलीं, आणि गाळ्यांची चौकशी तेव्हांपासूनच वाढली असा आमचा अंदाज आहे. पण वरच्या गणितानें २,००० जोड म्हणजे चार-सवाचार घरांचें वर्षाचें काम. सबंध जिल्ह्याला पुरेल असा तो झरा नव्हे. त्यांतून शिकावयाचें तें एवढेंच कीं, तीच रापी, तीच वादी, तेच हात असून भावांत जो फरक पडला तो नांवामुळें पडला. तें नांव आपल्या गांवचें आहे आणि आपणच तें मालावर घालीत नाहीं.

आमच्या या लिहिण्यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाहीं. "मास्तर, पिढ्यान्‌पिढ्या खालीं बसून लोकांचे पाय मोजले. आतां आमच्या पोराला गादीवर बसावेंसें वाटलें तर तुम्ही हिशेब दाखवितां ?" याला आम्ही नुसत्या आंकड्यांनीं उत्तर देणार नाहीं. ज्या शहराबद्दल आपण बोलत आहों त्याच शहरांत शाहू महाराजांच्या पदरीं असलेल्या गंगाराम कांबळे यांना पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल मार खावा लागला. महाराजांनीं त्यांना भाऊसिंगजी रोडवर चहाचें दुकान काढावयास लावलें, आणि स्वतः तेथें जाऊन त्यांच्या हातचा चहा घेतला. १९२२ सालीं महाराज वारले, त्यापूर्वीं थोड्याच वर्षांची ही हकीगत. भर रस्त्यावरचें दुकान म्हणजे त्या काळीं माणूस म्हणून उभें राहण्याची जागा होती, आणि थोडीशी आजही आहे. पोराच्या मनांतली ही गोष्ट आम्ही ओळखतों. पण त्या चहाच्या दुकानाच्या मागें एक राजा उभा होता. आज गाळ्याच्या मागें सावकार उभा असतो. कर्ज काढून मिळविलेली गादी हप्ता चुकला कीं ओढून घेतली जाते, आणि मग रस्त्यावरचीं माणसें हंसतात तीं पूर्वींपेक्षां जास्त हंसतात. दहा घरांच्या नांवाची पाटी असलेल्या दुकानांत तोच पोरगा आळीपाळीनें गादीवर बसूं शकतो, आणि त्याला कोणी उठवूं शकत नाहीं.

रस्त्याच्या कडेला पाटी घेऊन बसणाऱ्या आपल्या बायाबापड्यांचेंही येथें सांगितलें पाहिजे. गाळा घेतला कीं माणसाला दारांतला फेरीवाला डोळ्यांत सलूं लागतो, आणि काल ज्याची मावशी त्याच फुटपाथवर बसत होती तो आज म्युनिसिपालिटीची गाडी बोलावतो. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानें या माणसांची पाहणी करून त्यांना जागा नेमून द्यावयाची आहे, आणि त्यासाठींच्या समितींत त्यांचेच प्रतिनिधि बसावयाचे आहेत. पेठेला गर्दी लागते, व ती गर्दी नुसत्या कांचेच्या दारांनीं होत नसते.

इतकें ऐकूनही ज्यांना गाळा घ्यावयाचाच आहे त्यांनीं कागद नीट पाहावे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा असून तो ३१ मार्च २००० पासून चालूं आहे. त्याप्रमाणें भाडेकरार लेखी व नोंदविलेला पाहिजे, आणि दिलेल्या भाड्याची पावती देणें मालकावर बंधनकारक आहे. पागडी या कायद्यानें गुन्हा राहिली नाहीं, पण ती ज्याला दिली तो खरा मालक आहे कीं भाडेकरूचा भाडेकरू, हें शहरांतल्या वकिलाकडून पाहून घ्यावें. त्याला पांचशें-हजार जातील ते जाऊं द्यावे. देवळाच्या आराखड्यांत ती मिळकत येते काय, हें महानगरपालिकेंत लेखी विचारावें. तोंडी उत्तरावर विसंबूं नये. विक्रीकराचेंही विचारावें. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या पायताणावर जीएसटी ५ टक्के झाला, त्यावरच्या किमतीला १८ टक्के आहे, आणि भाव लावतांना ही पायरी विसरली तर नफा सरकारजमा होतो.

सर्वांत आधीं मात्र एक काम करावें, त्याला पैसा लागत नाहीं. जो गाळा घ्यावयाचा त्याच्या समोर एक वही घेऊन आठवडाभर बसावें. किती माणसें समोरून गेलीं, किती आंत शिरलीं, आणि हातांत पिशवी घेऊन किती बाहेर आलीं, हें तासातासाला लिहावें. घरांतील बाईला बरोबर न्यावें. आम्ही सुट्टींत दोन दिवस असे बसलों होतों, तेव्हां आमच्या ध्यानांत न आलेली गोष्ट बरोबरच्या एका बाईच्या ध्यानांत आली कीं, चप्पल पुरुष घालून पाहतो पण घ्यावयाची कीं नाहीं हें बहुधा त्याच्याबरोबरची बाई ठरविते, आणि दुकानांत तिला बसावयास जागा नसते. वरच्या गणिताप्रमाणें दहा घरांचा माल खपावयाचा तर आठ महिने रोज २० जोड गेले पाहिजेत. वहींतला आंकडा त्याच्या जवळपास येतो काय तें पाहावें. ही मोजणी नवरात्रांत करूं नये, दिवाळींत करूं नये, मंगळवार-शुक्रवारच्या गर्दीवरही भरंवसा ठेवूं नये. मार्गशीर्षांतला साधा बुधवार आणि श्रावणांतला पावसाचा एक दिवस असे दोन्ही पाहून मग वही आमच्याकडे आणावी. बेरीज आम्ही तपासून देऊं.